बोगद्यापलीकडचं गाव

शर्यतीत उतरून मागच्या गाडीला साइड देणारा माणूस आजवर एकच जन्माला आला असावा, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. नागपुरात आमच्या भागातल्या मॉलच्या वरच्या मजल्यावर गेम झोन आहे. तिथलं मोटारींच्या शर्यतीचं मशीन मामाजी चालवायचे. खेळायचे असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. उभा जन्म त्यांनी नरखेडच्या बाजूची एसटी हाकली आणि गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्तीनंतर डोळ्यांनी दगा दिला आणि मामींनी स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तेव्हापासून त्यांच्या हाती स्टिअरिंग यायचं ते एवढंच.

गंमत अशी, की मी शाळेत असताना याच मामाजींनी मला सीताबर्डीतल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधून कान धरून बाहेर काढलं होतं. जिन्याखालची अंधारी खोली, दाराला मळका पडदा, आत चार-पाच डबे आणि प्रत्येक डब्याला चिकटलेली पोरं. टोकन टाकायचं आणि दांडा गदागदा हलवायचा. "बिघडलेल्या पोट्ट्यांचा अड्डा हाय हा," असं ते घरापर्यंत सांगत आले. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ती पार्लरं बसली. मग तेच डबे मोठे होऊन, दिवे लावून मॉलमध्ये आले, टोकनाच्या जागी कार्ड आलं आणि अड्ड्यावर मामाजी जाऊ लागले. मी एकदा कानाची आठवण काढली, तर म्हणाले, "तवा तिथं गाडी नव्हती ना गा."

त्यांचं नुसतं बसणंही पाहण्यासारखं असायचं. चपला काढून ठेवायच्या, स्टिअरिंगला नमस्कार करायचा, स्क्रीन रुमालाने पुसायचा आणि नसलेला आरसा नीट करायचा. सुरुवातीला निशाण दाखवणारी चित्रातली पोरगी रस्त्यातून बाजूला होईपर्यंत थांबायचं. मग वाट बघायची ती बेलची. एसटीत कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. डबल बेलशिवाय मामाजींनी कधी गाडी हलवली नव्हती आणि या वयात नियम मोडायचा त्यांचा विचार नव्हता. त्यामुळे मी, कचेरीतला बऱ्यापैकी जबाबदार माणूस, दर रविवारी त्यांच्या सीटमागे उभा राहून घराच्या किल्लीने लोखंडी दांड्यावर दोन टोले देत असे. तोवर बाकीच्या गाड्या दिसेनाशा झालेल्या असत. "जाऊ दे त्याइले," मामाजी म्हणत, "त्याइच्या गाडीत पॅसेंजर नाही." वळण आलं की ते उजवा हात बाहेर काढून इशारा देत. एकदा त्या हाताने शेजारून जाणाऱ्या बाईंचा पॉपकॉर्नचा पुडा उडवला. बाई चिडल्या, तर हे शांतपणे म्हणाले, "हात दाखवला होता, बाई. तुम्हीच पाहून नाही राहिल्या."

अशा चालीने जायचं म्हणजे व्हायचं तेच होई. समुद्राकाठचा रस्ता, लांबवर डोंगर आणि डोंगरात एक बोगदा. तो नजरेत आला रे आला की वेळ संपून गाडी आपोआप बंद पडे. हरण्याचं मामाजींना काही नव्हतं. पण गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत न नेता अर्ध्यात सोडून घरी येणं त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जेवताजेवता मधेच म्हणत, "रस्ता हाय म्हणजे पुढं गाव असनच. लोकं वाट पाहून राहिले असन तिथं." मी एकदा म्हटलं, जोरात चालवा ना मग. त्यांनी मामींकडे पाहिलं आणि विचारलं, "याले लायसन कोनं देल्लं वं?"

गेल्या महिन्यात कळलं, की ते मशीन काढणार. त्या जागी डोळ्यांवर झापडं लावून खेळायचं काहीतरी यायचं होतं. मामाजींनी ऐकून घेतलं आणि ताटातली भाकर तशीच ठेवून उठले. मला ते बघवेना. रविवारी काउंटरवरच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या, मशीनचं मागचं झाकण उघडून आत काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "काकाजी, आज टाइम बंद करून दिला. चालवा आरामात."

मामाजींनी आरामातच चालवली. बोगदा आला तेव्हा हेडलाइट लावल्यासारखं केलं. पलीकडे नारळाची झाडं होती, एक पूल होता, उंच उंच इमारती होत्या, पण माणूस एकही नव्हता. पुढे रस्ता वळत गेला आणि समोर तीच निशाणवाली पोरगी आली, तीच सुरुवातीची रेघ. रस्ता गोल होता.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आता हे खचणार.

"बरोबर हाय," मामाजी म्हणाले. "डेपोतून काढली, डेपोत लावली. जिंदगीभर तेच केलं. पॅसेंजर आपापल्या गावाले उतरले. मी कुठं उतरलो गा?"

हे ते हसत म्हणाले, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही. रेघेजवळ गाडी हळू करून ते बेलची वाट बघू लागले. एक बेल दिली असती, तर ते निमूट उतरले असते, चपला घालून माझ्याबरोबर घरी आले असते. मागे पोरं खोळंबली होती, काउंटरवरच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. मी किल्ली घट्ट धरली आणि दांड्यावर दोन टोले दिले.