खंडेनवमीला बंद झालेली काळी चौकट

आमच्या डेअरीतल्या कॉम्प्युटरवर दोन चौकटी दिसतात. पुढची रंगीत, तीत म्हशीचं चित्र, लिटर आणि फॅट. मागची काळी, तीत पांढऱ्या इंग्रजी ओळी उतरत असतात. काट्यावर दूध ठेवलं की पुढे आकडे हलतात आणि मागे दोन ओळी पडतात. मापाला बसणारी पोर म्हणायची, "आज्जी, पुढचं आपल्यासाठी, मागचं त्याचं त्याला. मागच्याला हात लावायचा न्हाय."

खंडेनवमीला सेक्रेटरींनी काटा पुसला, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आम्ही संध्याकाळचं दूध घेऊन रांगेत उभ्या. नारळ फोडताना त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं.

"पुजेला हे काळं कशाला?"

"ऱ्हाऊ दे की सायेब," पोर म्हणाली.

"गप गं. सणासुदीला काळं!"

त्यांनी स्वतः कोपऱ्यातली फुली दाबली. काळी चौकट गेली आणि तिच्याबरोबर म्हशीचं चित्रही गेलं.

पोरीने परत सुरू केलं. चित्र आलं, पण त्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मागे काळ्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा पडत होती.

"काय म्हणतंय गं?"

"वाचता येतंय आज्जी, अर्थ लागंना."

सेक्रेटरी बी.ए. आहेत. चष्मा लावून वाकले, ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

हे बसवून देणारा माणूस शिरोलीला राहतो. पोरीने त्याला ओळीचा फोटो पाठवून स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "काय झालंय ते कळलं. पण दुरुस्तीला लॅपटॉप लागतो, आणि तो पुजेला बसलाय. उद्या सोनं लुटून झालं की उठवतो."

"ओ पावणं, दूध उद्यापतोर थांबतंय व्हय?" मी मागून ओरडले.

"आज्जी, तुमचा विळा पुजलाय न्हवं? आज चालवशिला?"

विळा, खुरपं देवापुढेच होतं. आजची वैरण मी कालच कापून ठेवली होती.

फॅट लागल्याशिवाय दूध कॅनमध्ये ओतायचं नाही, हा नियम. टँकर आला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, उतरून पडद्यावरच्या फिरत्या चाकाकडे बघितलं आणि गेला. आम्ही तरी उभ्याच, आता लागेल मग लागेल म्हणून. उकाडा मरणाचा. किटलीला हात लावला तर कोमट लागली.

घरी सून म्हणाली, "आत्ती, एवढ्या दुधाचं करायचं काय?"

"तापीव."

तापवलं तर फाटलं. शेजारी द्यावं तर प्रत्येकीच्या दारात तीच किटली. रेडकांना पाजून उरलेलं उकिरड्यावर ओतलं.

सोनं लुटणार उद्या संध्याकाळी. म्हशी पहाटेच पान्हावतात, त्यांची धार थांबवता येत नाही.