मोजणीच्या दिवशी गेटाच्या आत

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर त्याची राजधानी झालं आणि आमच्या शाळेसमोरचा रस्ता एकाएकी अंगात आल्यासारखा वागायला लागला. आधी तिथून सायकली जायच्या, रिक्षा जायच्या, पंडरीच्या कापडबाजाराचे ठेले जायचे. मग लाल दिव्याच्या गाड्या आल्या. उरल्याच्या कारखान्यांतून सळया लादलेले ट्रकही मोठा चौक चुकवून आमच्याच रस्त्यानं निघू लागले. आमची बहुतेक मुलं रस्त्यापलीकडच्या वस्तीतून यायची. रिक्षावालेही पलीकडेच उतरवून द्यायचे.

मी तिथं प्राथमिक वर्गांची मास्तरीण. वर्ध्याकडून लग्न होऊन आलेली, रोज कडक इस्त्रीची साडी नेसणारी आणि आपल्यावाचून शाळा चालत नाही अशी खात्री असलेली. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिची वेणी ओढीन. माझी एकुलती एक पोट्टी त्याच शाळेत दुसरीत होती.

शाळेनं पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल मागितला होता. बटण दाबलं की गाड्यांना लाल, मुलांना हिरवा. पालिकेचं पत्र आलं, की आमचा माणूस एक दिवस सकाळी पाहायला येईल. मुलं किती ओलांडतात, गाड्या किती जातात, मुलांना काठावर किती वेळ ताटकळावं लागतं, ते मोजेल. त्यावरून सिग्नल लागतो की नाही ते ठरेल.

आम्ही त्यातलं ‘पाहायला येईल’ एवढंच वाचलं. साहेब शाळा पाहायला येणार म्हटल्यावर काय करायचं, हे मास्तरणीला शिकवावं लागत नाही. सगळी तयारी मी अंगावर घेतली. पोरींना पांढऱ्या रिबिनी, पोरांच्या बुटांना पॉलिश, दोन-दोनच्या जोड्या, एकमेकांचा हात धरून. एका पालकाच्या ओळखीनं चौकातला ट्रॅफिक हवालदार तासाभरासाठी उसना आणला, तोही पांढरे हातमोजे घालून. त्यानं शिट्टी फुंकली की ट्रक उभे, हात हलवला की माझी रांग चालू. कडुनिंबाखाली पॅड घेऊन उभा असलेला पालिकेचा तरुण इंजिनिअर रेघा ओढत होता. मी त्याला आतून चहा पाठवला.

महिन्याभरात उत्तर आलं. मुलांना थांबावं लागत नाही, शाळेची व्यवस्था उत्तम आहे, सबब सिग्नलची गरज दिसत नाही. बड्या मॅडमनी, आमच्या मुख्याध्यापिकांनी, ‘उत्तम’ शब्दाखाली रेघ मारून ते पत्र सूचनाफलकावर लावलं. मी ते दोन वेळा वाचलं.

घरी सांगितलं तर आमचे हे, रेल्वेच्या ऑफिसातले, जेवताजेवता म्हणाले, “तुले सिग्नल पायजे होता का सर्कस दाखवायची होती?”

“मले काय माहीत ते खरंच मोजून राहिले म्हणून?”

“मग काहून आले होते ते? तुह्या रिबिनी पाहाले?”

त्यानंतर मला नीट झोप नाही. हवालदार त्याच्या चौकात परत गेला होता. मी रोज घंटेच्या अर्धा तास आधी येऊन रस्त्याच्या काठावर उभी राहायची. हात आडवा करून पोरं पार करायची. गाडीवाले मास्तरणीच्या हाताला काय भितात? कोणी थांबायचा, कोणी हॉर्न दाबून पायाजवळून काढायचा. कपाळावर घाम, आणि डोक्यात एकच, की आज नाही तर उद्या एखादं पोर जाईल आणि त्या उत्तम व्यवस्थेवर माझी सही असेल.

शेवटी एकटीच पालिकेत गेले आणि त्या इंजिनिअरसमोर कबूल केलं, की तो दिवस खोटा होता. तो आधी हसला. मग म्हणाला, “हव मैडम, मुझे भी लगा था. इतने साफ जूते मैंने किसी स्कूल में नहीं देखे.”

“पुन्हा मोजा ना, भैया.”

“गिन लेंगे. पर रोज जैसा है, वैसा रहना चाहिए. और रोज अब आप हाथ देती हैं. वो भी नहीं चलेगा. उस दिन आप गेट के अंदर रहिए. आपको छोड़ के किसी को नहीं बताऊँगा.”

मी हो म्हटलं. त्या वेळेला ते अगदी बरोबर वाटलं. इतकं बरोबर, की मी माझ्या पोरीलाही त्या दिवशी सोबत आणलं नाही, शेजारच्या पोरांबरोबर रिक्षात बसवून दिलं. सगळ्यांची लेकरं मोजणीत आणि माझं तेवढं हाताशी, हे मनाला पटेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? तेवढीच मोजणीत एक रेघ वाढेल, हेही मनात होतं.

सकाळी मी गेटाच्या आत. तो कडुनिंबाखाली. आणि रस्ता रिकामा! रोज अंगावर येणारा रस्ता त्या दिवशी गरीब गाय झाला होता. एखादी स्कूटर, एखादा ठेला. पोरं आली, मला काठावर शोधलं, मी दिसेना तर आपापली पळत पार झाली. कोणाला थांबावंच लागेना. त्याचा पेन नुसता बोटांत फिरत होता. मला दिसत होतं, की पुन्हा तेच उत्तर येणार. मी गेटाच्या सळया धरल्या, डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, आज ट्रक येऊ दे.

नवस करायला मी कधीच चुकत नव्हते. पण देवानं इतक्या तत्परतेनं माझं कधी ऐकलं नव्हतं.

आधी एक आला, मग त्यामागे दोन, मग लाल दिव्याची गाडी. पलीकडे पोरांचा घोळका साचला. इंजिनिअर भराभर रेघा ओढायला लागला, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्या घोळक्यात माझी पोट्टी होती. एक टेम्पो थांबला, त्याच्या ड्रायव्हरनं पोरांना हातानं या म्हटलं. घोळका हलेना. पण तिनं मला गेटात पाहिलं आणि ती सरळ माझ्याकडे निघाली. टेम्पोच्या मागून सळयांचा ट्रक त्याला ओलांडून येत होता. तो तिला दिसत नव्हता, मला दिसत होता.

कडी उघडी होती. नुसतं ढकललं असतं तर गेट उघडलं असतं. माझा हात सळईवरून सुटला नाही, तोंडातून आवाज निघाला नाही. सासूबाईंनी सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि त्या एका क्षणी एवढी आज्ञाधारक झाले.

कडुनिंबाखालचा इंजिनिअर धावला. पॅड टाकून, हात वर करून, ओरडत. त्यानं तिचं दप्तर पकडून मागे ओढलं. ब्रेक लागले. जळक्या रबराचा वास गेटापर्यंत आला. तिची पाण्याची बाटली चाकाखाली गेली. तिला काही झालं नाही.

तो तिला हाताला धरून गेटाशी घेऊन आला. त्यानं विचारलं, “किसकी बच्ची है?”

मी म्हटलं, “माझी.”

त्यानं मला पाहिलं, गेट पाहिलं. परत जाऊन धुळीतला पॅड उचलला. पुढे मला कळलं, की त्या सकाळच्या कागदावर शेवटची काही मिनिटं कोरी होती, आणि शेरा होता, की मोजणाऱ्याला रस्त्यात उतरावं लागल्यामुळे मोजणी थांबवली. त्याच्या साहेबांनी बाकीचे आकडे पाहिलेच नाहीत म्हणे. सिग्नल मंजूर झाला.

शाळेत पेढे वाटले. “दीदी, आपकी वजह से हुआ,” म्हणून बाकीच्या मास्तरणींनी मला दोन जास्त दिले. ते मी पदरात बांधून घरी नेले. पोट्टी गृहपाठ करत होती. पेढा हातात घेऊन, खायच्या आधी तिनं विचारलं, “मम्मी, उस दिन आप गेट के अंदर ही थीं ना? मैंने देखा था.”

“हो.”

“फिर आईं क्यों नहीं?”

मी तो पेढा तिच्या हातातून घेऊन तिच्याच तोंडात कोंबला. नंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. आता ती स्वतः आपल्या पोरीला शाळेत सोडते. कधीमधी मला फोन करून गप्पा मारते. बोलता बोलता ती मध्येच थांबली, की मी आजही घाईनं दुसराच विषय काढते. वाटतं, आता विचारेल.