भाकर कोण्या राज्याची

अंबूबाईबद्दल सोनाळ्याच्या इंद्रभानला, नीट विचार केला तर, फारसं काही माहीत नव्हतं. डोंगरापलीकडच्या निमाडातली, दर हिवाळ्यात त्याच्या वावरात ज्वारी सोंगायला येणारी, एवढंच. सोंगणीची मजुरी ज्वारीतच द्यायची ही जुनी रीत, आणि त्या ज्वारीवर तिचं घर उन्हाळा काढायचं, हे तिच्याच बोलण्यातून कधीतरी कळलेलं.

पूर्वी दोन्हीकडे एकच प्रांत होता. मग राज्यं वेगळी झाली, डोंगराच्या पायथ्याशी नाका बसला आणि हुकूम निघाला, की धान्य सरहद्दीपार न्यायचं नाही. मजुरांना मात्र खुशाल येऊ द्यायचं. हात पाहिजेत, पोट नको, असा हा किळसवाणा कारभार. मागच्या साली नाक्यावर अंबूबाईचं ज्वारीचं पोतं उतरवून घेतलं होतं.

यंदा तिने डोकं चालवलं. मजुरीची सगळी ज्वारी दळून आणली आणि इंद्रभानच्या अंगणात चूल मांडून भाकरी थापत बसली. दाण्याला बंदी होती, भाकरीला कुठे होती? भाजलेली भाकर उन्हात कडक वाळवली की टिकते, कुटून शिजवली की पोट भरतं.

शेजारचा सहदेव कुंपणावरून म्हणाला, "काऊन वो बाई, कोनाचं लगन काढलं?"

"तुमचंच जुळवून राह्यली. पन पोरगी तयार नाई!"

इंद्रभानने भाकरींचं पोतं बैलगाडीत घातलं आणि तिला नाक्यापर्यंत सोडायला गेला. नाक्यावरच्या बाबूने पोतं उघडलं, एक भाकर मोडली आणि आपल्या डब्यातला ठेचा लावून खाल्ली.

"भाकर कशाची?"

"ज्वारीची, सायेब."

"अन् ज्वारी कोन्या राज्याची?"

शिपाई फिदीफिदी हसले. पोतं नाक्यामागच्या म्हशीपुढे रिकामं झालं. म्हैस बाबूचीच होती. हात धुता धुता तो अंबूबाईला म्हणाला, "पुढच्या साली माह्या वावरात ये सोंगाले. मानसंच भेटून नाई राह्यले."

इंद्रभानला शिसारी आली. त्या ठेच्याची, त्या हसण्याची, त्या धुतलेल्या हातांची.

अंबूबाईने रिकामं पोतं झटकलं, घडी करून डोक्यावर ठेवलं.

इंद्रभान म्हणाला, "गावात चाल, बाई. दुसरी ज्वारी देतो."

"तेही म्हैसच खाईन, भाऊ." ती डोंगराच्या वाटेकडे वळली. "बैलं तहानले. पानी दाखवा त्याहिले."

"हाव, दाखवतो."