त्रेचाळीस विटा

नागोराव कात्रजहून बसने जायला निघाले, तेव्हा बायकोने, दुर्गाबाईंनी अडवलं. "परवाच ती पोरगी सगळं लिहून घेऊन गेली. आता तुम्ही कशाला जाताय?"

"एक माप चुकलंय."

"कशाचं?"

"माणसांचं."

दुर्गाबाईंनी भाकरीचा डबा बांधून हातात दिला.

नागोरावांचं आयुष्य खोदण्यात गेलं. मूळचे नांदेडकडचे. विसाव्या वर्षी लष्कराच्या खोदकामाच्या पलटणीत लागले आणि १९७१च्या लढाईत पूर्वेला गेले. पुढे नोकरी सुटल्यावर तीस वर्षं पुण्यात पाण्याच्या लायनीसाठी चर खोदले. तीन फूट रुंद सांगितला की तीन फूट, बोटभर इकडेतिकडे नाही. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेत.

ती पोरगी म्हणजे तनया. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते, बांगलादेशात तेव्हा झालेल्या नरसंहारावर पीएच.डी. करते. माजी सैनिकांकडून पत्ता काढत ती घरी आली होती. लढाई संपल्यावर नागोरावांच्या टोळीने एका वीटभट्टीमागच्या विहिरीतून प्रेतं काढली होती. इतक्या वर्षांत त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. तिने विचारलं. आणि अलीकडे छापून आलेला एक लेखही वाचून दाखवला. त्या विहिरीत कोणाला मारून टाकलं नव्हतं, पटकीच्या साथीत गेलेली दहाबारा माणसं होती, असं त्यात होतं.

नागोरावांचं डोकं तापलं. "दहाबारा? शंभराच्या वर होती!"

ते रेकॉर्ड झालं. ती गेली आणि नागोरावांना भाकरी गोड लागेना.

त्यांना एक जुनं काम आठवत होतं. मुकादमाने एके ठिकाणी चराची खोली वाढवून लिहिली होती. साहेबाने टेप लावली, माप कमी भरलं. साहेबाने बुजवलेली सगळी लाइन उघडायला लावली. बाकीची खोली बरोबर होती, पण आठ दिवसांचं खोदकाम नागोरावांनी पुन्हा केलं.

तनयाची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिने दार उघडलं. "काका! फोन करायचा ना, मी आले असते."

"खोटं मी बोललो. जिना मीच चढायचा." त्यांनी दम घेतला. "शंभर नव्हती. त्रेचाळीस."

तनयाने वही ओढली. "कशावरून त्रेचाळीस?"

आवाज कोरडा होता. नागोरावांना तो आवडला. टेप लावणाऱ्या माणसाचा आवाज.

"एकेकाला वर काढलं की भट्टीतली एक वीट ओळीत ठेवत होतो. कोणी लिहीत नव्हतं, म्हणून. काम संपल्यावर विटा दोनदा मोजल्या."

"आणखी काय पाहिलंत? पाहिलं तेवढंच सांगा."

"हात मागे बांधलेले होते, गमछ्याने. सगळ्यांचे नाही. किती, ते मोजलं नाही. पण गाठी मी सोडल्यात. पटकी झालेल्याचे हात कोण बांधतं?"

तनयाने ते जसंच्या तसं लिहिलं. मग एक फाइल काढली. तिथल्या गावातल्या एका शिक्षकाने त्या वर्षी घरोघर फिरून, भट्टीवर धरून नेलेले कोण परतले नाहीत ते वहीत लिहिलं होतं. एकेचाळीस नावं.

"तुमचे शंभर या वहीशी जुळेनात, काका. मी तुमची मुलाखत बाजूला ठेवली होती."

नागोरावांना कळलं, आपल्या रागापायी ती विहीर पुन्हा बुजली असती.

"मग ते शंभर पुसून टाक."

"नाही पुसता येणार. आधी शंभर सांगितले, मग स्वतः येऊन दुरुस्त केले. दोन्ही छापायचं. तुमच्या नावासकट."

"लोक म्हणतील, म्हातारा थापा मारतो."

"म्हणतील. पण आपण लपवलं आणि त्या लेखवाल्यांनी शोधून काढलं, तर विहीरच नव्हती म्हणतील."

जन्मभर नागोरावांच्या मापाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले आणि तिने लिहिल्यावर खाली सही केली.

"ती नावं वाचतेस?" त्यांनी विचारलं.

तनया सावकाश वाचू लागली. नागोराव बोटांच्या पेरांवर मोजत होते. इतकी वर्षं त्यांच्याकडे नुसत्या विटा होत्या. कुठली वीट कोणाची, ते आता कळणार नव्हतं. पण त्या माणसांना नावं होती, आणि ती या पोरीने इथवर आणली होती.

एकेचाळिसावर ती थांबली.

"दोन राहिले," नागोराव म्हणाले.

"त्यांची नावं नाहीत. शोधतेय मी."

"तोवर दोन विटा लिही."

तिने लिहिलं. नागोरावांनी डबा उघडला, भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे ठेवली.

"खा. फार उपकार केलेस, पोरी."

"मी? जिना तर तुम्ही चढलात, काका."

"पण मोजायला कोणीतरी लावावं लागतं," असं म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. आज भाकरी गोड लागली.