डाव्या हाताचा चाकू

जयराम मेस्त नवा चाकू घेत आणि वापरण्याआधी तो मोडून बघत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला घडीचा चाकू सोमवारी वर्कशॉपच्या टेबलावर वर्तमानपत्रावर सुटा पडलेला असे: पातं, दोन पत्रे, पातं दाबून धरणारी पाठीची कमान, तीन खिळे, मुठीच्या दोन फळ्या. मग ते एकेक भाग कानस लावून सुधारत, मुठीला खैराचं लाकूड किंवा रेड्याचं शिंग बसवत आणि पुन्हा जोडत. मूळ चाकूचं नावच उरत नसे. आमच्याकडची जुनी माणसं घडीच्या चाकूला अजून पोर्तुगीज वळणाने ‘कानिवेत’ म्हणत. पण सुर्ल्याच्या आमच्या खाणीवर त्याला ‘मेस्ताचा चाकू’ असंच नाव पडलं होतं.

मी तिथे क्लार्क होतो आणि ते हेड फिटर. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, कानांच्या पाळ्यांत खनिजाची लाल धूळ कायमची बसलेली. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं, डिचोलीत दोन खोल्यांचं घर. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. बोलणं फार नसे. एखादा सांधा जमला की ते तो माझ्या कानाशी उघडून मिटून दाखवत. “आयक. लोखण फट मारिना, बाब. मनीस मारता.” लोखंड खोटं बोलत नाही, हे ते दर दोन दिवसांनी म्हणत.

खिळा ठोकण्याची त्यांची एक रीत होती. पातं आणि पत्रा यांच्यामध्ये तेलात भिजवलेला कागदाचा कपटा ठेवायचा, खिळ्याचं डोकं हळूहळू ठोकून बसवायचं आणि शेवटी कागद ओढून काढायचा. कागद नसला तर पातं आवळून बसतं, मग जोर केला की बोट कापतं. ही रीत त्यांनी मागेल त्याला शिकवली. बाबलीलाही शिकवली होती.

बाबली बांद्याकडचा. खनिज वाहणाऱ्या बेल्टवर मदतनीस होता. पंचविशीचा, हसऱ्या तोंडाचा, नवीनच लग्न झालेलं. मेस्तांवर त्याचा जीव होता. गावाहून आला की त्यांच्यासाठी कोकमं आणायचा.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा वैशाख. पाऊस तोंडावर होता आणि जेटीवर खनिज नेणाऱ्या बार्जी उभ्या होत्या. पाऊस लागला की खाण बंद, म्हणून तोवर माल संपवायची घाई. बेल्टच्या रोलरचं बेअरिंग गेलं. मेस्तांनी रोलरवरची लोखंडी जाळी उतरवून बेअरिंग बदललं. जाळी पुन्हा बसवायला अर्धा तास लागला असता. सुपरवायझर म्हणाला, “ती मागीर बसय, आधी बेल्ट चालू कर.” मेस्तांनी जाळी उचलून वर्कशॉपच्या भिंतीला टेकवली आणि बेल्ट चालू करायला सांगितलं.

तासाभरात बाबली रोलरला चिकटलेली माती खरवडायला गेला. जाळी असती तर त्याची खरवडणी जाळीला अडली असती. बेल्ट थांबवेपर्यंत त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता.

आठवड्याने चौकशी झाली. राजभाषा कोकणी झाली होती, मराठीलाही जागा मिळाली होती, त्यावरून गावागावांत माणसं अजून एकमेकांशी बोलत नव्हती. पण चौकशीचा कागद इंग्रजीत होता. तो मीच टाइप केला. खाणीच्या साहेबांनी मेस्तांना विचारलं, “जाळी होती का?” सुपरवायझर शेजारीच उभा होता. मेस्त खाली बघत “आसली” म्हणाले, म्हणजे होती. कामगाराने जाळी सरकवून हात आत घातला, असं मी टाइप केलं. इस्पितळातल्या बाबलीने त्या कागदावर डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. महिन्याभरात त्याला कामावरून कमी केलं. तो बायकोला घेऊन पेडण्याकडच्या कोरगावला बहिणीच्या काजूबागेत राहायला गेला.

त्यानंतर मेस्त लोखंडाबद्दल काही बोलले नाहीत. जेवणाचा डबा उघडत आणि तसाच बंद करत.

त्यांचा मेहुणा तारवटी होता. जहाजावरून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने मेस्तांसाठी एक पुठ्ठ्याची पेटी आणली. आत घडीच्या चाकूचे सुटे भाग होते, कुठल्यातरी परदेशी कारखान्याचे, सोबत जोडणीच्या आकृत्यांचा कागद. असं काही मिळतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आधीचे दिवस असते तर मेस्तांनी ती पेटी सगळ्या वर्कशॉपभर फिरवली असती. आता ती महिनाभर फळीवर पडून राहिली.

आषाढात खाण बंद होती. वर्कशॉपमध्ये यंत्रांची दुरुस्ती चाले. एके दिवशी पेटी टेबलावर दिसली. आकृत्यांचा कागद बाजूला फेकलेला. मेस्त कमान कानशीने पातळ करत होते.

“कमान कित्याक झिजयतात, मेस्ता?” मी विचारलं.

“एका हातान उगडूंक जाय.”

मग मला समजलं. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. एकाने मूठ धरायची, दुसऱ्याच्या नखाने पातं ओढायचं. मेस्त तो एका हाताचा करत होते आणि तोही डाव्या. पातं कठीण पोलादाचं, अंगठ्याची खुंटी बसवायला त्याला भोक पडेना. म्हणून त्यांनी पितळेची बारीकशी टोपी घडवून पात्याच्या पाठीवर स्क्रूने आवळली. अंगठ्याने ती ढकलली की पातं वर यायचं. कमान जड राहिली तर अंगठा थकायचा, फार पातळ झाली तर पातं आपोआप मिटून बोटावर यायचं. मुठीला त्यांनी शिंग लावलं आणि डाव्या हाताची बोटं बसतील असे खळगे कोरले.

त्यांनी तो चाकू किती वेळा जोडला आणि सुटा केला, ते मी मोजलं नाही. तपासताना ते माझ्याकडून आपला उजवा हात पंच्याने पाठीमागे बांधून घेत. तसे उभे राहून डाव्या हाताने चाकू उघडत, मिटत, पेरू कापत, सुंभाची गाठ तोडत. दोनदा अंगठा चिरला. रक्त पुसायला दुसरा हात नव्हता; मी पुढे झालो, तर “रावं दी,” म्हणत त्यांनी मला थांबवलं. “ताका कोण पुसतलो?”

चतुर्थी झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघे कोरगावला गेलो. बाबली बहिणीच्या ओसरीवर बसला होता. सदऱ्याची उजवी बाही गाठ मारून ठेवलेली. त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं, खाणीची चौकशी केली. मेस्तांनी चाकू त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उचलला, अंगठ्याने पातं वर केलं, मिटलं, पुन्हा वर केलं. त्याच्या तोंडावर जुनं हसू आलं. मग ते गेलं.

“मेस्तानू, एक इचारतंय. त्या दिसा जाळी होती काय?”

मेस्तांनी मान वर केली. “नासली. हांवेंच काडिल्ली ती.”

आतून चहा घेऊन येणारी त्याची बायको दारातच थांबली. बाबली तिच्याकडे वळला.

“चार म्हयने मी हिका सांगतंय, माझीच चूक,” तो म्हणाला. “माका जाळी दिसाक नाय होती. पण सगळे म्हणतत होती. माका वाटला, माका येड लागला.”

त्याने चाकू मिटून मेस्तांच्या पायाशी ठेवला. “ह्यो नको माका. ह्यां थंय खाणीर जावन सांगा.”

परतीच्या वाटेवर मेस्त एवढंच म्हणाले, “फाल्यां सोमार. सांगतां.” आणि म्हापशाच्या स्टँडवर बस बदलताना, माझ्याकडे न बघता, “बाब, जाळी वण्टीक तेंकून दवरिल्ली तूंवें पळयल्ली.”

खरं होतं. अपघाताच्या आधी मी हजेरीचा कागद घेऊन गेलो होतो, तेव्हा ती जाळी वर्कशॉपच्या भिंतीला टेकून ठेवलेली मी पाहिली होती. चौकशीचा कागद टाइप करतानाही ती माझ्या डोळ्यांपुढे होती. मी तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागलो. त्यांनी ते बघितलं. मग म्हणाले, “तुका भुरगीं आसात. रावं दी.” माझ्या मुलांकडे बघून ते मला सोडत होते; त्या शब्दांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत जबानी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. सुपरवायझरने सगळं नाकारलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “तू काही पाहिलंस?” मी नाही म्हणालो. एकट्या माणसाची जबानी, तीही चार महिन्यांनी फिरवलेली. ती फायलीत गेली आणि निकाल आहे तसाच राहिला. मेस्तांची नोकरी गेली. सव्वीस वर्षांची हत्यारं त्यांनी एका गोणत्यात भरली आणि दारावरच्या वॉचमनला गोणतं उघडून दाखवून बाहेर पडले.

डिचोलीच्या बाजाराजवळ ते पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. मी अधूनमधून जाई. ते मला स्टूल देत, चहा मागवत. दिवाळीनंतर, मेस्तांची नोकरी कशाने गेली ते कळल्यावर, बाबली तिथे आला, म्हणाला, “तो चाकू दिया.” मेस्तांनी तो तेल लावून पुसला आणि दिला. हे मेस्तांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना खोकल्याची उबळ आली. छातीत धूळ साचली होती. दोन वर्षं त्यांनी त्या खोकल्याबरोबर काढली. शेवटी झोपून श्वास घेता येईना, म्हणून बसूनच असत. तसेच बसलेले असताना गेले.

बाराव्याला बाबली आला होता. मेहुण्याबरोबर पाट मांडणं, पाणी आणणं, सगळं त्याने एका हाताने केलं. मला म्हापशाला काम होतं, म्हणून आम्ही एकाच बसने निघालो. त्याने मला खिडकीची जागा दिली. अस्नोडा मागे पडलं. मग म्हणाला, “हात काय, गेलो तो गेलो. पण मेस्त नसते, तर मी मरासर समाजलो असतंय, माका येड लागला होता. सगळ्या खाणीर तेवढो एकच मनीस निघालो.”

मीही ती जाळी भिंतीला टेकलेली पाहिली होती. आता सांगावं, असं वाटलं. पुढच्या थांब्याला सांगू, त्याच्या पुढच्या थांब्याला सांगू, असं करत म्हापसा आलं. उतरताना त्याने माझी जड पिशवी वरच्या फळीवरून काढून माझ्या हातात दिली आणि पेडण्याच्या बसकडे चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही.