गेटबाहेरची विडी

बागेत कुणी विडी पेटवली की नाना हात मागे बांधून त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. ओरडत नसत, शिट्टीही वाजवत नसत. माणसानं वर पाहिलं की म्हणत, "भाऊ, गेटना बाहेर. मी बी तठेच वढस."

स्वतः नानाही बाहेर जाऊनच ओढतात म्हटल्यावर माणूस निमूट उठे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्याच्या नगरपालिकेत बाग खात्याचा कारकून होतो आणि नाना बागेचे राखणदार. साक्रीकडच्या एका खेड्यातले. कानावर विडी कायम खोचलेली. एका उन्हाळ्यात घसरगुंडीजवळ जळतं थोटूक तुडवून एका लहान मुलीचा पाय भाजला. तिची आई तशीच मुलीला कडेवर घेऊन कचेरीत आली. त्यानंतर बागेत विडी-सिगारेटला बंदी झाली. पाटीचा मजकूर मी लिहिला आणि नानांना वाचून दाखवला.

"हाऊ नियम कोनासाठे शे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"मंग बठ्ठासले सांगनं पडी," असं म्हणून ते गेले. कानावरची विडी त्या दिवसापासून गेटबाहेर पेटू लागली.

बठ्ठासले म्हणजे खरोखरच सगळ्यांना. महिन्याभरात आमचे साहेब पाहणीला आले, बोटांत सिगारेट. नाना हात मागे बांधून समोर उभे. मी हौदातल्या पाण्याकडे बघत राहिलो. साहेब लाल झाले, पण गेटबाहेर गेले. मागोमाग नाना गेले आणि म्हणाले, "साहेब, काडी शे का?" साहेबांनी काडी पेटवून पुढे धरली. दोघं ओढत उभे राहिले.

आबांचं मात्र इतकं सोपं नव्हतं. आबा म्हणजे नानांच्याच गावचे, गिरणीतून निवृत्त झालेले, वयानं मोठे. बंदीपूर्वी ते रोज संध्याकाळी कारंज्याजवळच्या बाकावर येऊन बसत. नाना फेरी संपवून शेजारी बसत आणि एकाच काडीवर दोन विड्या पेटत. आबांचे गुडघे गेलेले. त्या बाकापासून गेटपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे त्यांना दोनदा थांबावं लागे.

बंदीनंतर आबांनी नेहमीसारखी विडी काढली. नाना उभेच राहिले.

"मले बी?" आबांनी विचारलं.

"तुमले बी, आबा."

आबांनी विडी खिशात ठेवली, काठी घेतली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्या आठवड्यातही नाही.

 मग एके दुपारी नाना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, गेटबाहेर एक बाक मिळावा म्हणून अर्ज लिहा. लिहिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की गेटबाहेरची जागा बाग खात्याची नाही. ते ऐकून नानांनी कारंज्याच्या दुरुस्तीत उरलेला एक लांबट दगड स्वतःच पहारीनं ढकलत बाहेर नेला आणि कडुनिंबाखाली मांडला. कपडे झटकून थेट आबांच्या घरी गेले.

आबा खाटेवर पडून होते. नानांनी दगडाचं सांगितलं.

"दगड कसाले?" आबा म्हणाले. "डाक्टरनी बंद करी. मी विडी सोडी दिधी."

"मंग बागमा या ना."

"तठे एकला बशीसन काय करू? तू तं विडी वढाले बाहेर जाशी."

हे मला नानांनीच सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून नाना आबांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणू लागले. दोघं कारंज्याजवळ बसत. आबा बागेत असेपर्यंत नाना गेटकडे फिरकत नसत. पहिले काही दिवस दोघांनाही हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आबा काठीची मूठ चोळत, नाना टोपी काढून पुन्हा घालत. मग नाना भुईमुगाच्या शेंगा आणू लागले. टरफलं टोपीत जमा होत. बोलणं पूर्वीही फार नव्हतं, आताही नव्हतं. तुम्ही बाजूनं गेला असता तर दोन म्हातारे शेंगा खातायत, एवढंच तुम्हाला दिसलं असतं.

असं दोन वर्षं चाललं. पुढे नाना निवृत्त होऊन गावी गेले, मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांचं बोलणं म्हणून मला शेवटचं आठवतं ते निवृत्तीच्या थोडं आधीचं.

सकाळी कचेरी उघडताच ते आले. रजा हवी होती. आबा पहाटे वारले होते. छापील अर्जात 'मयताशी नाते' असा रकाना होता. मी विचारलं, "नाना, नातं काय लिहू? गाववाले?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"लिखा," ते म्हणाले, "संगे बसनारा."

मी तसंच लिहिलं. साहेबांनी तो रकाना वाचला आणि सही केली.