एजिरची दोरी

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी समुद्रात जात नाही. समुद्राचा तो विसाव्याचा दिवस. माणसं वाळूवर बसून जाळी सांधतात. एजिर मिस्त्रीची खरी कामं मात्र मंगळवारीच होतात, कारण त्या दिवशी मशीन मागायला कुणी येत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझे मंगळवार त्याच्याच शेडमध्ये जातात.

त्या मंगळवारी एकुवामावशी आली. होडी तिची, होडीचं मशीनही तिचंच. एजिरने महिनाभर खपून त्यात नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या होत्या. आता ते पाण्याच्या पिंपात सोडून सकाळपासून हळू चालवत ठेवलं होतं.

"उद्या होडी काढते रे. तारली आलीय."

"अजून दहा तास हळू चालवायला हवं, मावशी. पिंपातले तास धरायचे नसतात. पंख्यावर होडीचं ओझं आलं की मगच रिंगा जागा धरतात. त्याआधी जोर दिला तर सिलिंडरला चरे पडतात."

"मग खाडीत फिरव."

"खाडीचं तोंड वाळूने बुजलंय. होडी काय डोक्यावरून नेऊ?"

"बायकोला घेतलंयस ना डोक्यावर, तशीच ने."

एजिर हसला. मावशी नाही हसली. "हे मशीन गेलं तर माझा मोसम गेला. पोरांना मासा दिसला की हात राहत नाही. तू आपली दोरी बांध." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तिची होडी चालवणारा तांडेल एसिलफी दारातच उभा होता.

पूर्वी एजिर नव्या रिंगांच्या मशिनाला वेग देणाऱ्या मुठीला दोरी बांधायचा, म्हणजे मूठ अर्ध्याच्या पुढे फिरत नसे. बारा वर्षांपूर्वी अशीच एक होडी परत येताना किनाऱ्याच्या लाटांत सापडली. मागून लाट उठली तेव्हा जोर हवा होता आणि दोरी तो देईना. होडी आडवी झाली. सगळे पोहत आले, मुठीवर बसलेला अटा आला नाही. अटा हा एसिलफीचा थोरला भाऊ. एजिरला कुणी बोल लावला नाही. तेच त्याला पचलं नाही. तेव्हापासून दोरी बंद. पहिले दहा तास तो स्वतः होडीत बसायचा, मूठ आपल्याच हातात ठेवून. यंदा गुडघ्याने दगा दिला होता.

"दोरी नाही बांधणार," तो म्हणाला. "एसिलफी, इकडे बस. तेल दुप्पट घाल. मूठ अर्ध्यापुढे न्यायची नाही, दुसरी होडी पुढे गेली तरी."

"आणि लाटांत, काका?"

"लाटांत मशिनाचा विचार करायचा नाही."

"मशीन माझं आहे," मावशी म्हणाली.

"हो मावशी, तुझंच आहे."

बुधवारी पहाटे समुद्र मऊ होता, अकरा जणांना घेऊन होडी अलगद बाहेर पडली. दुपारी वारा उठला. एजिर जुन्या होडीच्या काठावर गुडघ्याला फडकं बांधून बसला होता, मी शेजारी. होडी दिसली ती माशांनी खाली दबलेली. एकेक होडी तिला मागे टाकून बाजाराच्या बायकांकडे पोचत होती, तरी ती सावकाशच येत होती. लाटांच्या बाहेर ती थांबली. तीन लाटा जाऊ दिल्या. मग आत शिरली, आणि मागे चौथी उठली, फार मोठी.

एजिरच्या उजव्या हाताने स्वतःचाच गुडघा पकडून पिळला. तिकडे मशीन किंचाळलं, मग लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा आवाज आला आणि ते बंद पडलं. तोवर होडीचं नाक वाळूला लागलं होतं.

"गेलं," एकुवामावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

एजिर डोकी मोजत होता. अकरा. त्याने पुन्हा मोजली.

एसिलफी उतरून समोर आला, मान खाली घालून. "काका, पूर्ण फिरवली मूठ."

"ऐकलं मी. मशीन वर आण."

"तारली थांबेल का तुझ्या रिंगा येईपर्यंत?" मावशीने विचारलं. मावशी जाताना त्याच्याकडे न बघता गेली.

संध्याकाळी त्याने सिलिंडर उघडला. आत दोन लांब चरे पडले होते. त्याने माझं बोट धरून त्यांवरून फिरवलं, एखाद्या पोराला अक्षर गिरवायला शिकवावं तसं.

"अटाचं मशीन आम्ही समुद्रातून काढलं ना, मास्तर," तो म्हणाला, "त्यात एकही चरा नव्हता."